कांचनगंगेची काच

रामबाग, इंदूर
२९ ऑगस्ट १९५४

चि. सौ. पद्मजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. प्रतापरावांची महूहून दार्जिलिंगला बदली झाली तेव्हा तुझी आई रडली आणि मी मनातल्या मनात पेढे वाटले. आपल्या घरचं कुणीतरी हिमालयाच्या दारात राहायला गेलं!

कॅमेऱ्याला कुठे कुठली काच लावायची, असं विचारतेस. दरबारचा फोटोग्राफर म्हणून उभा जन्म गेला, त्यावरून सांगतो, काच आपण निवडत नाही, जागा निवडते. मांडूला जहाज महालासमोर मागे सरकायला गेलं की पाय तलावात, म्हणून तिथे लांबची. आपल्या घरचे शब्द विसरली नसशील. जी सगळं लांब ढकलते ती लांबची, जी ओढून आणते ती जवळची. दुकानदार उलटं बोलतात, बोलोत. महेश्वरला नावेतून घाट टिपायचा तर जवळची, म्हणजे बायकांना कळत नाही आणि त्या पदर सावरत बसत नाहीत. ओंकारेश्वरला मधली पुरते. हिमालयाचं मात्र मला ठाऊक नाही. एवढा थोरला डोंगर, मधल्या काचेत सहज भरेल अशा हिशेबाने तुला कॅमेऱ्याबरोबर तेवढीच दिली.

डॉक्टर परवा येऊन गेले. जिना बंद, प्रवास तर नावालाही नाही. तुझ्या आईला बाहेर नेऊन त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. आत आल्यावर तिने माझ्या चहात दोनदा साखर घातली. तेव्हा पोरी, ढग उघडले की उशीर करू नकोस. खरा केवढा आहे, ते एकदा पाहून घ्यायचंय.

तुझा,
अप्पा


दार्जिलिंग
२० सप्टेंबर १९५४

ती. अच्युतदादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र अप्पांना दाखवू नकोस. इथे येऊन महिना होऊन गेला तरी कांचनगंगेच्या जागी समोर नुसती ढगांची पांढरी भिंत होती. शेजारच्या नेपाळी बाई रोज हात करून सांगायच्या, वो रहा, आणि मला वाटे चेष्टा करताहेत. काल पहाटे उघडलं. दादा, मी स्वेटर उलटा घालून धावले, आणि नंतर पाहते तर गालावर पाणी. कशाचं रडू, ते सांगता येत नाही.

पण फोटोत काय आलं? भाकरीच्या कडेला पीठ लागावं तशी एक पांढरी रेघ. मधल्या काचेचं हे काम नव्हे. अप्पांचा अंदाज चुकला हे त्यांना कळलं तर जिवाला लागेल, म्हणून तुला लिहिते. कपाटातून जवळची काच काढून पार्सल कर. दिवाळीपर्यंत त्यांच्या हातात फोटो पडायला हवा. त्यांच्या तब्येतीचं काय ते आईच्या अक्षरावरून मला कळतं.

तुझी,
पद्मा


रामबाग, इंदूर
२८ सप्टेंबर १९५४

चि. सौ. पद्मजास,
आशीर्वाद.

काम फत्ते, बहनजी. अप्पा दुपारी झोपलेले असताना कपाट उघडलं. जवळची काच, म्हणजे जवळच्या वस्तूंची, ती आखूडवाली, एवढं या मिलमधल्या कारकुनालाही समजतं. कापसात गुंडाळून, वर खादीचं कापड शिवून, लाख लावून पाठवली आहे. आमच्या मिलजवळची, परदेशीपुऱ्यातली पोस्टबाबूची मंडळी पार्सल फार आपटतात, म्हणून वर 'देवाची मूर्ती' असं लिहिलंय. फिकर मत करना.

डोंगराला जवळची कशाला, हे आपल्याला काही झेपलं नाही. पण अप्पांची शिष्या तू, मी नाही.

तुझा,
दादा


दार्जिलिंग
१४ ऑक्टोबर १९५४

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत फोटो आहे. मागवली होती जवळची, आली लांबची, तिनेच तो काढलाय. कसं घडलं ते दादाला विचारा, पण रागावू नका, पार्सल शिवताना त्याने बोटही टोचून घेतलं असेल. काच हातात आली तशी मी जिन्यात बसून राहिले. मग कॅमेऱ्याला तीच लावून पाहत होते, तेवढ्यात उघडलं, आणि खरी जवळची येईपर्यंत थांबायचा मला धीर झाला नाही.

त्यामुळे अंगणाची भिंत आली, पाठीवर टोपली घेतलेली बाई आली, झाडं आली, दरीही आली. डोंगर लहान झाला. मी रोज पाहते तो हा नव्हे, अप्पा. दुसरा पाठवीन. तोवर हा चालवून घ्या, आणि औषध चुकवू नका.

आपली,
पद्मा


रामबाग, इंदूर
३१ ऑक्टोबर १९५४

चि. सौ. पद्मजास,
आईचे आशीर्वाद.

फोटो धनत्रयोदशीला पोचला. पाकीट यांनी स्वतः फोडलं. पुष्कळ वेळ पाहून म्हणाले, झाडं छान आली आहेत. ते 'छान' मला समजलं. मग फोटो उशाशी ठेवून भिंतीकडे तोंड करून पडले. मीही नेऊन खिडकीत पाहिला. टोपलीवाली, भिंत, झाडं, दरीतले ढग, त्यांच्यावर आणखी ढग. डोंगर कुठे दिसेना. हे म्हणाले, त्या वेळी नेमका झाकला गेला असेल, पोरीला लिहू नकोस. अच्युत दोन दिवस यांच्या खोलीत गेला नाही. दिवाळीचे दिवे तेवढे लावले.

पाडव्याला ओवाळून झाल्यावर मला म्हणाले, फोटो उलटा कर आणि तांब्याला टेकवून ठेव. मला आधी भीती वाटली, म्हटलं, भ्रम तर नाही झाला? पण तुला ठाऊकच आहे, मोठ्या कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं, खालचं वर दिसतं. यांनी जन्मभर चित्र पारखलं ते उलटंच. सुलटं फक्त गिऱ्हाइकाला दाखवायचं. डोक्यावर घ्यायच्या काळ्या कापडाऐवजी दोन्ही तळवे डोळ्यांच्या कडेला धरले आणि पाहत बसले. आरतीतलं निरांजन विझलं तरी हलले नाहीत. मग माझं मनगट धरलं.

म्हणाले, "शारदा, ढगाला वजन नसतं."

मला कळलं नाही. मग बोट ठेवून दाखवलं. दरीतले ढग उलटे केले तरी कापसासारखेच होते. त्यांच्या पलीकडचं पांढरं मात्र खाली ओढत होतं. त्याला धार होती, धारेच्या एका अंगाला सावली होती. आम्ही दोघं इतके दिवस डोंगर झाडांच्या माथ्याशी शोधत होतो, जिथे डोंगर असतो तिथे. तो आभाळात होता, पद्मा. जे आभाळ म्हणून सोडून दिलं होतं, तोच तो होता. मी बसल्या जागी हात जोडले.

यांनी अच्युतला हाक मारली. रागावले नाहीत. खिडकी उघडायला लावली आणि बाहेर बोट दाखवून सांगू लागले, तो इथे रामबागेत असता तर कुठवर आला असता. समोरच्या कौलांवरून बोट निघालं, लिंबाच्या शेंड्यापाशी आलं, त्याच्याही वर गेलं. तिथे हात थकला. अच्युतने खालून कोपर धरलं आणि विचारलं, इथे का?

"अजून वर," म्हणाले.

तो उचलत राहिला.

जवळची काच अच्युत उद्या पाठवणार होता. हे नको म्हणाले. प्रतापरावांना आशीर्वाद. आमची आठवण काढत जा, आणि सकाळी उघडलं की आमच्या वतीनेही जरा वेळ उभी राहत जा.

तुझी,
आई