झाकलेली कणगी

११ मार्च १९७३
कडूबाईच्या नातवाला देवी आल्या. आमच्याच वस्तीत, चार घरं सोडून. दाराला लिंबाचा डहाळा बांधलाय. माझा बन्सी पाच म्हयन्यांचा. त्याला अजून टोचलेलं न्हाई. जीव थाऱ्यावर न्हाई माझा.

१२ मार्च
आत्याबाई, म्हंजी सासूबाई, म्हनल्या, ह्या घरात सुई यायची न्हाई. त्यांची दोन पोरं देवीनं नेली. तिसरे हे — तोंडभर वण, पर वाचले. तवा त्यांनी देवीला शब्द दिला, घरातलं पोर सुईपुढं धरनार न्हाई. हे पाझर तलावाच्या कामावर, शनवारी येनार. इचारू कुनाला? म्हून वहीत लिवते. चौथीपातूर शिकले त्याचा एवढाच उपेग.

१३ मार्च
नर्सबाई आली, कर्जतवरनं. जीपची धूळ दिसली तशी आत्याबाई म्हनल्या, लपव पोराला. दुष्काळात दान्याची कनगी रिकामीच. गोधडी घालून बन्सीला तिच्यात निजवला, वर सूप झाकलं. आत्याबाई कळशी घेऊन पान्याला गेल्या.

बाई आली. मी म्हनाले, पोर माझ्या माहेरी हाय. ती म्हनली, "अंगावर पिनारं पोर माहेरी, अन् आई हितं?" मग सरळ कनगीपाशी गेली न् सूप उचललं. बन्सी तिला बघून हसला, गद्दार!

मला रडूच फुटलं. देवी कोपंल म्हनाले. ती माझ्याजवळ खाली बसली. "तुझा मालक तलावाचा बांध घालतो ना? एक भगदाड ठिवलं तर पानी ऱ्हाईल का? वस्तीत सगळ्यांनी टोचून घेतलंय. ऱ्हायलंय ते तुझंच घर."

मग मीच बन्सीचा दंड धरला.

आत्याबाई आल्या. दंड बघितला, कळशी ठिवली. चूल पेटवाय बसल्या. मी लई भ्याले.

ही चुगली शेजारच्या रंगुबाईची. पोराला निजवताना ती दारातनं बघत हुती. बोलनं बंद तिच्याशी.

२१ मार्च
टोचलेलं फुललं. अंग तव्यावानी. नर्सबाई परत आली, म्हनली लागू पडलं, भिऊ नको. आत्याबाईंनी दिसभर पोर मांडीवरनं खाली ठिवलं न्हाई.

२६ मार्च
कडूबाईचा नातू गेला.

५ एप्रिल
खपली पडली! वस्तीत दुसऱ्या कुनाला देवी आल्या न्हाईत. बन्सी पालथा पडतोय. नर्सबाई शेवटचं बघाय आली. खन न्हाई, नारळ न्हाई, रेशनच्या तांबड्या मिलो जवारीच्या मुठीनं तिची ओटी भरली. तिनं दाना न् दाना पदरात बांधून घेतला. देवा, तिच्या पायाला काटा लागू देऊ नको.

५ एप्रिल, सांजचं
जाताना तिला म्हनाले, कनगीचं रंगुबाईनं सांगितलं ते बरंच झालं. बाई थांबली. म्हनली, रंगुबाई कोन? तुझी सासू कळशी घेऊन जीपला आडवी आली हुती. "मी देवीला शब्द दिलाय, मी पोर देनार न्हाई. तुमी कनगीत बघा."

आत्याबाईंना काय इचारलं न्हाई. पयली भाकर त्यांना वाढली. आता रंगुबाईकडं जाऊन येते.