आईचे धवले आणि तुमची फ्लॉपी

मोरिवली,
१५ फेब्रुवारी १९९८

प्रिय कमळाकर,

तुझं पत्र पोचलं. जूनमध्ये बदलापूरच्या शाळांत तुमच्या कंपनीचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर फुकट वाटायचं आहे आणि त्यासाठी माझ्या क्लासची शिफारस हवी, असं लिहिलंस. मी ती देणार नाही. मोठी बहीण म्हणून आजवर तुझे बरेच हट्ट पुरवले, हा पुरवणार नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच फ्लॉप्या घेऊन तू अंबरनाथला माझ्या क्लासात आलास. फुकट ते पौष्टिक, म्हणून मीच हसले. टाइपरायटर उल्हासनगरच्या भंगारवाल्याला देऊन टाकले आणि पोरींना तुमच्या कळांवर बसवलं. त्या कळांची मांडणी दुसऱ्या कुणाचीच नाही, हे तू तेव्हा बोलला नाहीस. बेलवलीची नवसी आता एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे कामाला लागली आहे. तिथल्या कळांवर तिची बोटं पहिलीतल्या पोरासारखी अडखळायची. तिच्यासारख्या अजून दोघी आल्या तेव्हा शेटनं कंटाळून तुमचंच सॉफ्टवेअर विकत घेतलं. तुमच्या कचेरीत पेढे वाटले असतील. लहानपणी वालधुनीत गळ टाकून बसायचो, आठवतं ना? माशाला गांडूळ आपण फुकटच द्यायचो.

पण माझा खरा राग आईपायी आहे. हळद लागली की अख्खी मोरिवली जिला धवले गायला बोलवायची, ती आपली आई. तिची गाणी कागदावर कधीच नव्हती. मी शहाणी, रविवारी तिला क्लासात न्यायचं, तिनं गायचं आणि मी थेट कॉम्प्युटरवर उतरवायचं असं ठरवलं. वहीत लिहिलं असतं तर हात दुखला असता, पण वही उरली असती. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "पोरी, गानी पेटीन ठेवलीस, चावी कोनाकरं हाय?" मी तिला अडाणी समजले. विद्यार्थ्यांच्या फुकट आवृत्तीतून छापता येत नव्हतं, तेही मला चाललं. पुढे पूर्ण घेऊ आणि सगळं एकदम छापू, असं म्हणत राहिले.

दिवाळीत आईला झटका आला, ते तू येऊन पाहून गेलासच. तिची जीभ आता वळत नाही, उजवा हातही हलत नाही. आणि एकतीस डिसेंबरला तुमची फुकटची मुदत संपली. सॉफ्टवेअर उघडेना. मी विकत घ्यायला निघाले, तर तुमचा माणूस फोनवर म्हणाला की नवी आवृत्ती विद्यार्थ्यांच्या फाइली उघडत नाही, त्या फक्त पुण्याच्या कचेरीत उघडतात. आमच्या आईची गाणी, आणि ती तुमच्या कचेरीत कोंडलेली. मला एकही अख्खं गाणं आठवत नाही रे. ऐकताना लक्ष सगळं कळांवर होतं. नुसतं मांडी घालून ऐकलं असतं तर पाठ झाली असती. याचा दोष मी तुझ्यावर घालत नाही, तो माझा आहे.

सोबत चार फ्लॉप्या पाठवते आहे. चौथीवर शाईची खूण आहे. तिच्यात तुझ्या हळदीचा धवला आहे. येत्या वैशाखातल्या तुझ्या लग्नासाठी आईनं नवा रचला होता आणि तुला सांगू नको म्हणून मला शपथ घातली होती. ती शपथ आज मोडते. कचेरीत बसून तो उघड आणि स्वतःच्या हातानं कागदावर लिहून काढ, बाकीचेही. साहेब काय म्हणेल ते म्हणू दे. हळदीला आईच्या खाटेशी बसून मी गाईन. माझा गळा तिच्यासारखा नाही, पण कुठे चुकले तर ती डाव्या हातानं मला थांबवेल.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
सगुणाताई