भारदस्त मराठीतला एक अर्ज

बाई, तुम्हाला जाऊन एकोणतीस वर्षं झाली आणि मी अजून तुम्हाला भिते. आज मात्र दुसऱ्याच एकीची भीती वाटते आहे. ती समोरच्या ब्लॉकमध्ये राहते, माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे, मला ताई म्हणते. उद्या चार वाजता ती माझी बेल वाजवील.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीत दोन वर्षांपूर्वी इथिओपियाचं एक जोडपं भाड्याने आलं. नवरा औषधांच्या कंपनीत, ती घरी. पहिल्याच आठवड्यात तिने मला कॉफीला बोलावलं. कॉफी कसली, सत्यनारायणच तो! हिरव्या बिया समोर भाजायच्या, धूर पाहुण्याच्या नाकाशी आणायचा, शेजारी ऊद जाळायचा, आणि कप तीन. तिसरा घेतल्याशिवाय उठायचं नाही; आशीर्वाद म्हणे त्यातच असतो. बरोबर त्यांची पोळी, चवीला आपली आंबोळीच, फक्त परातीएवढी. बदल्यात मी तिला मराठी शिकवू लागले. मला शाळेत तुमच्याकडून जे मराठी आलं तेच मी देणार, त्यामुळे ती भाजीवालीला म्हणाली, "कृपया मेथीची एक जुडी प्रदान करा." भाजीवाली मला म्हणते, "मॅडम, ही तर सिरियलमधल्या देवासारखी बोलते!" ह्यांच्या पश्चात माझ्या घरात हसू परत आलं ते हिच्यामुळे.

मग धुराची तक्रार झाली. धूर हे निमित्त. "फॉरेनर लोकं, कोण येतं, कोण जातं, काय कळत नाय," असं लिफ्टमध्ये आधीपासूनच चाललं होतं. सेक्रेटरी माझ्याकडे आले. "मॅडम, आमचं मराठी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचं. घरमालकाला द्यायचा अर्ज जरा भारदस्त करून द्या ना. तुमची सही नको, फक्त लिहून द्या." दर गुरुवारी तुमच्या घरातून धुपाचा लोट येतो तो कुठल्या देशाचा, असं त्यांना विचारायला हवं होतं. पण पार्किंगवरून कमिटीशी भांडलेल्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं छत वर्षभर गळतंय, कोणी बघायलाही गेलेलं नाही. आणि मी एकटी. रात्री-अपरात्री काही झालं तर याच लोकांना हाक मारायची. मी लिहून दिलं. 'सदर भाडेकरूंच्या वर्तनामुळे सभासदांच्या स्वास्थ्यास बाधा पोहोचत असून' इथपासून महिनाअखेर जागा रिकामी करवून घेण्यापर्यंत, चार वाक्यं. एकही चूक नाही.

तुमचं डोंबिवलीचं स्वयंपाकघर आठवतं. मी नववीत आहे, शिकवणीत संस्कृतची रूपं म्हणते आहे, तुम्ही तांदूळ निवडताय. मध्येच तुम्ही तांदळाच्या ताटाशेजारी एक चिठ्ठी ठेवता. उल्हासनगरहून आलेल्या नव्या सिंधी मुलीला दुसऱ्या तुकडीत टाका, अशी मोठ्या बाईंना लिहिलेली, निनावी. मैत्रिणींनी सांगितलं म्हणून मीच लिहिलेली. "कोणी लिहिली ते मी विचारत नाही," तुम्ही म्हणता. "इतकी शुद्ध चहाडी या शाळेत एकच जण करू शकते." मी ताटातले खडे मोजत बसते. "मी कराचीहून आले ना गं, तेव्हा चाळीतल्या बायका माझ्या बोलण्याला हसायच्या. पण हसल्या तेवढंच. अर्ज नाही केला कोणी." आणि तुम्ही मला गूळपोहे दिलेत.

आज दुपारी ती दारात उभी. घरमालकाने अर्जाची प्रत धाडली होती. "ताई, हे फार मोठे मराठी आहे. नवरा म्हणतो, घर जाणार. कृपया वाचून सांगा." मी कागद हातात घेतला. ती म्हणाली, "कोणी लिहिले? सुंदर आहे. तुमच्यासारखे."

"चष्मा कुठे ठेवलाय, सापडत नाहीये गं," मी म्हटलं. "राहू दे माझ्याकडे. उद्या वाचते."

"अवश्य," ती म्हणाली. तो शब्द मीच शिकवलेला. "उद्या चारला बोलवायला येते. तीन कप."

कागद टेबलावर पडला आहे. वाचायचा म्हणजे माझ्याच तोंडून तो तिला ऐकवायचा, आणि मग तिसऱ्या कपापर्यंत तिथे बसून राहायचं. न वाचावा तर महिना संपतोच आहे. हे पत्र कुठे टाकणार? तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं. तुमच्या लाल शाईला मी अजून भिते. फक्त एक लिहायचं राहिलं, बाई. चष्मा तेव्हा माझ्या नाकावरच होता, आणि ती त्याच्याकडेच बघत होती.