वकीलसाहेबांचा कोट, तयार आहे

ती. ताईस,

गुडघा धरलाय, म्हणून साष्टांग नमस्कार उभ्याउभ्याच केला आहे, तो तू आडवा समजून घे. भावोजींचा खोकला कसा आहे? फोनवर विचारलं की ते खोकूनच उत्तर देतात, त्यामुळे पत्रात विचारते. आम्ही ठीक. लॉन्ड्रीही ठीक. फक्त अब्रू गेली आहे, ती कशी गेली ते सांगायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतेस आणि मग माझं डोकं फिरतं.

तुझी भाची कॉम्प्युटरच्या मागे लागलीय हे तुला माहीतच आहे. (तूच नादी लावलंस. तुझा जुना कॉम्प्युटर तूच पाठवलास. आता ऐक.) तर परदेशात तरण्या पोरापोरींचा कॉम्प्युटरचा कॅम्प असतो म्हणे. आपलं पोर महिनाभर त्यांच्या घरी राहायचं, मग त्यांचं आपल्या घरी. साटंलोटंच म्हण ना, फक्त लग्न नाही. पोरीला इतकं जायचं होतं की जेवताना बोलायचीच बंद झाली. मी म्हटलं, जा बाई, घरात एक तोंड कमी. मला वाटलं, अर्ज म्हणजे कागद भरला, सही केली, सुटलो. कसलं काय! त्यांना व्हिडिओ पाहिजे. मुलीने स्वतः काय बनवलंय ते दाखवा आणि घरची माणसंही दाखवा, म्हणजे आमचं लेकरू कुणाच्या दारात येणार ते कळेल. (यात मात्र त्यांचं चुकलं नाही. मीही हेच विचारलं असतं.)

पोरीने बनवलंय ते आमच्या दुकानासाठीच. मी कपड्यांना रंगीत दोऱ्याची खूण घालते ना, ती तिला जुनाट वाटते. म्हणून दुकानात आलेल्या एकेका कपड्याचा फोटो काढून तिने कॉम्प्युटरला पढवून ठेवलं. आता कपडा कॅमेऱ्यासमोर आला की कॉम्प्युटरातली बाई बोलते, कपडा कुणाचा आणि तयार आहे की नाही. कॅम्पवाल्यांसाठी तर कोण काय बोललं ते त्यांच्या भाषेत खाली उमटेल अशीही सोय केलेली. बाईचा आवाज खणखणीत, लाजबीज काही नाही. (तो माझ्यावर गेलाय असं आमचे हे म्हणतात. यांना विचारलंय कुणी?)

आता परदेशी माणसांसमोर जायचं म्हणजे अंगावर धड काहीतरी नको? जगाचे कपडे आम्ही लख्ख करतो आणि आमच्या अंगावर सगळं विटकं. दुकानात मात्र ओळीने टांगलेलं असतं. घटकाभर घातलं तर झिजतं थोडंच? ह्यांनी वकीलसाहेबांचा राखाडी कोट चढवला. मी डॉक्टरीणबाईंची शाल घेतली. सासूबाई एक स्वेटर घालून आल्या आणि म्हणाल्या, हा माझाच आहे. (त्या दुकानातल्या प्रत्येक स्वेटरला असंच म्हणतात.) पोरगी वायरी जोडण्यात गुंतलेली, तिने आमच्याकडे बघितलंच नाही.

कॅमेरा सुरू झाला. पोरगी परदेशी भाषेत गोडगोड बोलली, मग म्हणाली, हे माझे बाबा. हे छाती काढून पुढे सरकले. तोच बाई कडाडली, "वकीलसाहेबांचा कोट. डाग निघाला. तयार आहे." ह्यांना वाटलं आपलं कौतुक चाललंय, यांनी मान डोलावली! यांना मागे ओढायला मी धावले, तर, "डॉक्टरीणबाईंची शाल. अजून धुवायची आहे." ताई, धरणीमाय पोटात घे असं झालं गं. परक्याची घेतली ती घेतली, तीही मळकी! मी ओरडले, "गप बस गं भवाने!" (कॉम्प्युटरातल्या बाईला. पण ते समजून सांगायला वेळ कुठे होता?) एवढ्यात सासूबाई मला ढकलून कॅमेऱ्यापुढे उभ्या. बाई म्हणाली, "ओळख पटली नाही." सासूबाई म्हणाल्या, "बघा! सांगत नव्हते, माझाच आहे?"

मी म्हटलं, पोरी, पूस हे सगळं, पुन्हा काढू. वाटलं आता रडणार. तर ती हसून हसून जमिनीवर लोळली. "आई, अगं चालतंय ते! एकदाही चुकलं नाही!" आणि कार्टीने तसाच पाठवून दिला, भवानीसकट. कोट मी पुन्हा धुतला, शालही धुतली. अब्रू कोणत्या साबणाने धुवायची ते तू शिकलेली आहेस, तू सांग.

काल कॅम्पचं उत्तर आलं. पोरीला घ्यायचं त्यांच्या मनात आहे. पण ज्या घरचं पोर आमच्याकडे यायचं, त्याची आई रविवारी कॉम्प्युटरवर माझ्याशी बोलणार. तिने हो म्हटलं तरच पक्कं. पोरगी मध्ये बसून दोघींचं एकमेकींना सांगेल.

बाकी क्षेम. थोरांना नमस्कार, धाकट्यांना एकेक धपाटा.

तुझी धाकटी

ता.क. : खरं काम राहिलंच. रविवारी तू ये आणि आई म्हणून तू बस. आपलं नाक एकच आहे, बाकी माझा चेहरा व्हिडिओत ओरडून वाकडाच झालाय, कोण ओळखतंय? तू हळू बोलतेस, शब्द निवडून बोलतेस. माझं तोंड म्हणजे फुटलेला नळ. माझ्या जिभेपायी तिचं जाणं हुकलं, तर ती मला एका शब्दाने बोलणार नाही, आणि तेच मला सोसायचं नाही. मी मागच्या खोलीत इस्त्री करत बसेन. शिंकणारसुद्धा नाही.

आणखी ता.क. : येऊ नकोस. पाकीट चिकटवायला पोरीकडे दिलं, तर तिने वाचलं. आधी माझ्यावर डाफरली, "दुसरी आई आणून बसवणार होतीस?" मग म्हणाली, त्या परदेशातल्या बाईंनी आधीच विचारून ठेवलंय, ती ओरडणारी आई महिनाभर घरीच असेल ना? त्यांचा पोरगा दुपारपर्यंत लोळत पडतो आणि घरात कुणाच्या बापाला भीत नाही. तर आता माझ्यावरच भिस्त आहे, मलाच बसावं लागणार. तुझी ती निळी शाल मात्र शनिवारच्या आत पाठव, धुतलेली. कॉम्प्युटरातल्या बाईने ती कधी पाहिलेली नाही. ओळख पटली नाही म्हणाली, की माझीच.