वारा समोरून होता

उलवे,
१८ जानेवारी २०२६

वैशालीताई,

सलाम आणि नमस्कार. अभिरामच्या पायाचं प्लास्टर काल निघालं ना? बेलापूरच्या तुमच्या सोसायटीची लिफ्ट सारखी बंद असते म्हणत होता. जिना चढवतो का त्याला? आमचं चाललंय. नव्या विमानतळाची विमानं आता घरावरून जातात. हमझा पूर्वी आवाज आला की गॅलरीत धावायचा. आता टीव्ही मोठा करतो.

फोन करणार होते, पण तुमचा आवाज ऐकला की माझ्याच्याने बोलवलं नसतं.

परवा अभिराम कुबड्या घेऊन आला होता. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाला, "भाभी, मी चौकशीत सांगून टाकलंय. टाकीतलं फ्युएल मीच मोजलं होतं, मीच चुकलो. सरांचा काही दोष नाही."

आई म्हणून तुम्हालाही त्याने हेच सांगितलं असेल. ते खरं नाही, ताई.

विमानाच्या अपघातानंतर पहिल्या दिवशी फराज शुद्धीवर होते. डॉक्टर नको म्हणत असताना बोलत राहिले. शिकवणीच्या त्या उड्डाणात वाटेत ते दोघं एका छोट्या धावपट्टीवर उतरले होते. तिथे अभिराम म्हणाला, "सर, समोरून वारा आहे. इथेच फ्युएल भरून घेऊ." पण इंधनाच्या गाडीला वेळ होता. फराज म्हणाले, "पोचतो रे. किती वेळा गेलोय एवढ्यात."

वारा वाढला. आपली धावपट्टी समोर दिसत असताना इंजिन बंद पडलं. फराजनी विमान शेतात उतरवलं, ते बांधावर आदळलं. "पोराचं ऐकायला पाहिजे होतं. त्याला सांग," एवढंच परत परत म्हणत राहिले. मग बोलले नाहीत.

मी कोणाला सांगितलं नाही. मयतीला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, फराजसारखा काळजी घेणारा शिक्षक नाही. सासरे त्या बोलण्यावरच उभे होते. मीही.

पण अभिरामचा जबाब खरा धरला गेला तर त्याला पुन्हा कोण उडू देईल?

काल हमझाला जवळ बसवून सगळं सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "अब्बा वाईट होते?"

"नाही रे. अब्बा चुकले."

सासरे ऐकत होते. उठून नमाजाला गेले. परत आले आणि म्हणाले, "माझ्या पोराचं ओझं दुसऱ्याच्या पोरावर नको. जाऊन सांग."

सोमवारी चौकशी अधिकाऱ्यांकडे जातेय. सासरे सोबत येणार आहेत. अभिराम रागावेल. तो सरांसाठी खोटं बोलला, यातलं प्रेम मला कळतं. ते विसरणार नाही. पण त्याला जवळ घेऊन एवढं सांगा, की त्याचं बरोबर होतं, आणि हे सरांनी स्वतः म्हटलंय.

अजूनही फराज यांचीच,
सुमय्या