मुंब्र्याच्या चढावर

नाना,

त्या दिवशी रेडिएटरमध्ये पाणी नव्हतं. एवढं एकच वाक्य लिहायला मी बसले होते. ते लिहून झालं तरी हात थांबत नाही, म्हणून पुढचंही लिहिते. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. ज्या वयात तुम्ही ती गाडी घेतलीत, ते वय मी केव्हाच ओलांडलं. तरी हे सांगताना मी ठाण्यातल्या कोपरीच्या आपल्या अंगणात तुमच्यासमोर उभी आहे, पदर खोचलेला, हात ग्रीसनं काळे, असंच मला वाटतं.

कल्याणहून मी परत आले तेव्हा तुम्हाला शाळेतून निवृत्त होऊन चारच महिने झाले होते. दोनदा माझं मूल पोटातच गेलं, आणि त्यानंतर सासरी मला कुणी काही विचारेनासं झालं. भाजी कोणती करायची, हेसुद्धा नाही. मारहाण नव्हती, शिवीगाळ नव्हती. त्यामुळे लोकांना सांगण्यासारखं कारणही नव्हतं. तुम्ही दार उघडलंत, हातातली ट्रंक घेतलीत आणि म्हणालात, "आधी जेव." आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, तुम्ही एकटेच रांधत होतात, आणि त्या दिवशीचं पिठलं करपलेलं होतं. आपण दोघांनी ते निमूट खाल्लं. का आलीस, किती दिवसांसाठी, हे तुम्ही तेव्हा विचारलं नाहीत आणि नंतरही कधी नाही. आठवड्याभरानं मात्र एक मोडकी गाडी आणून दारात उभी केलीत.

लढाई संपल्यावर लष्कराचं जे सामान लिलावात निघालं, त्यातली ती. दोन धन्यांच्या हाताखालून गेलेली. हिरव्या रंगाचे पापुद्रे सुटलेले, मागे उघडा हौदा, आणि परदेशी रीतीप्रमाणे स्टिअरिंग डाव्या बाजूला. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "मास्तर, आता भाजीपाल्याचा धंदा की काय?" तुम्ही म्हणालात, "प्रयोगशाळा करणार. फिरती." डोंबिवलीच्या आणि कल्याणच्या पलीकडे कितीतरी गावांतल्या शाळांत मुलांनी परीक्षानळी बघितलेली नव्हती, आगगाडीच्या डब्याएवढ्या खोलीत चार इयत्ता बसायच्या. तुम्ही तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेलं, पण हातात खडूच धरलेला, पाना कधी नाही. त्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये एक डोळा गेलेला आणि दुसरा अंधुक. मी विचारलं, "नाना, चालवणार कोण?" तुम्ही भिंगातून माझ्याकडे बघितलंत. "तू."

शिकवलं मला कळव्याच्या मिस्त्रींनी. जातीचे कोळी, लढाईत लष्कराच्या लाँचींची इंजिनं सांभाळलेले, अंगानं दाराएवढे. पहिल्याच दिवशी त्यांनी ते स्टिअरिंगचं चाक हातात धरून हलवलं, आणि पाव फेरा फिरलं तरी पुढच्या चाकांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यानंतर ते फिरायचं, पण इतकं जड की मला सीटवरून अर्धं उठावं लागायचं. "ह्यो बायमानसाचा काम नाय," मिस्त्री म्हणाले, "आनि बाप्याचा बी नाय. मास्तर, ह्या गारीचा सुकानू बदलाय पायजे." तुम्ही म्हणालात, "बदलू. आधी एक फेरी तर होऊ दे." तुम्हाला घाई होती. डोळा किती दिवस साथ देईल, कुणी सांगितलेलं नव्हतं.

ती पहिली फेरी ठरली माघातल्या एका सकाळी. आणि आदल्या दिवशी पोस्टमननं माझ्या हातात एक कार्ड दिलं. ह्यांचं अक्षर. 'उद्या दहाच्या सुमारास न्यायला येत आहे.' मी ते कार्ड तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि तुम्हाला काही बोलले नाही. रेडिएटर तेव्हा बारीकसा गळायचा. रोज सकाळी विहिरीच्या दोन बादल्या त्यात ओतायचं काम माझं होतं. त्या सकाळी विहिरीवर बायकांची गर्दी, माझा नंबर यायला अर्धा तास तरी गेला असता. तुम्ही गवतात काचेच्या नळ्या बांधत होतात. तिथूनच विचारलंत, "पाणी?" मी म्हणाले, "झालं." नाना, मी विसरले नव्हते. दहा वाजता मला त्या घरात असायचं नव्हतं, बस्स. वाटेत कुठेतरी भरू, असं मनाशी म्हटलं, आणि कळव्याचा पूल ओलांडला तेव्हा इतकं मोकळं वाटलं की पाण्याची आठवणच राहिली नाही.

मुंब्र्याच्या चढावर गाडी उकळली. आधी करपल्यासारखा वास, मग बॉनेटच्या फटींतून वाफ, आणि काचेपुढे सगळं पांढरं. मी चाक फिरवते आहे, पूर्ण जोर लावून फिरवते आहे, आणि गाडी ऐकत नाही. ऐकते तेव्हा उशीर झालेला असतो आणि पुढचं चाक कडेच्या चरात जातं. ती चरात गेली म्हणून वाचलो, पलीकडे उतार होता. मी ब्रेकवर पाय रोवून बसले होते, तोवर तुम्ही उतरलात, उपरणं हाताला गुंडाळलंत आणि रेडिएटरचं झाकण फिरवलंत. कोंडलेल्या वाफेचं बळ वर्षानुवर्षं आठवीच्या पोरांना समजावणारे तुम्ही. तुमचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मी धावत आले तेव्हा तुम्ही रस्त्यावर बसला होतात, उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत लाल, आणि पहिलं वाक्य बोललात ते हे: "पाणी भरलं होतंस ना?"

मी म्हणाले, "हो, नाना."

गवताच्या एका लॉरीतून आपण ठाण्याला परतलो. ओट्यावर हे बसलेले. तुमचा हात बघितला आणि ताडकन उठले; टांगा आणला, तुम्हाला इस्पितळात नेलं, रांगेत उभे राहिले, पट्टी बांधताना तुमचा दुसरा हात धरून होते. संध्याकाळपर्यंत थांबले. निघताना मला एवढंच म्हणाले, "मी नंतर येईन." त्या दिवसानंतर मला त्यांचा धड रागही करता आला नाही.

मिस्त्रींनी दोन दिवसांनी गाडी ओढून आणली. बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिले, मग मला परसात बोलावलं. "बाय, गारीत पानी नव्हतं ना?" ते आवाज चढवून बोलले नाहीत. "बापासला सांग. आज नको, हात दुखतंय त्याचा. पन सांग." मी मान हलवली.

आणि तुम्ही? तुम्ही खाटेवर बसून डाव्या हातानं, पहिलीतल्या मुलासारख्या वाकड्या अक्षरात, आकडेमोड करत होतात. इंजिनाची उष्णता किती, पाणी किती, वारा किती. भेटायला येईल त्याला सांगायचात, "गणित माझं चुकलं. एवढ्या ओझ्याला तो रेडिएटर पुरणारच नाही." लोक हळहळायचे. मी चहा आणायचे. जितक्या लोकांना तुम्ही ते सांगितलंत, तितकं मला खरं सांगणं अवघड होत गेलं.

पुढचे तीन महिने मी आयुष्यात विसरणार नाही, आणि लाज वाटते सांगायला, ते माझे सुखाचे होते. ठाण्याच्या तांबटाकडून आपण रेडिएटर सोडवून घेतला आणि त्यात नळ्यांची आणखी एक रांग घातली. त्या इंजिनाला पाण्याचा पंप नव्हताच. तापलेलं पाणी आपोआप वर जातं, गार खाली येतं, एवढ्यावर ते चालायचं. तो तुमचा सगळ्यात लाडका धडा. पंप बसवायला तुम्ही आठ दिवस तयार होत नव्हतात, जणू त्या धड्याचा अपमान होईल. शेवटी मिस्त्री म्हणाले, "मास्तर, धडा बुकात ऱ्हाऊंद्या. चढावर पंपच लागतंय." तुम्ही इतके हसलात की पट्टीतला हात दुखला. तेलाचे डबे कापून पंख्याभोवती पत्र्याचं कडं मी केलं, म्हणजे वारा इकडेतिकडे न जाता जाळीतूनच ओढला जाईल. आणि मग सुकाणू. कुर्ल्याच्या भंगारात मिस्त्रींना एका जुन्या बसचं स्टिअरिंग मिळालं, दातेचक्रांच्या पेटीसकट. ते उजव्या बाजूला आणायचं म्हणून सांधे, दांडे, सगळंच नव्यानं बसवावं लागलं. मी दिवसदिवस गाडीखाली गोणपाटावर पडून असायचे.

एकदा तुम्ही गुडघ्यांवर बसून, नीट दिसत नसल्यामुळे, डाव्या हाताच्या बोटांनी प्रत्येक सांधा चाचपत होतात. एका नटापाशी बोटं थांबली. नट सुटू नये म्हणून जी तारेची पिन घालतात, ती तिथे नव्हती. "ही पिन?" मी गाडीखालूनच म्हणाले, "घातली असेल की, नाना." तुम्ही उठून उभे राहिलात. "असेल? घातलीस किंवा नाही घातलीस. तुझ्या शब्दावर मी या गाडीत बसतो." एवढ्या कडक आवाजात तुम्ही माझ्याशी लहानपणीही बोलला नव्हतात. मी पिन घातली. सांगायची तीच वेळ होती. पण तुम्ही माझ्याकडे पाठ करून पाना शोधायला लागलात, आणि मी परत गाडीखाली सरकले.

हे दुसऱ्यांदा आले तेव्हाही मी गाडीखालीच होते. तुमचा आवाज ऐकू आला, "ती गाडीखाली आहे. बोलवू?" मला फक्त त्यांच्या पॉलिश केलेल्या चपला दिसत होत्या. बाहेर आले. ते म्हणाले, "चल." शब्दात काही वावगं नव्हतं. तुम्ही चहा करायला आत निघून गेलात. डाव्या हातानं कपबशा लावल्याचा खडखडाट ओट्यापर्यंत येत होता. मी म्हणाले, "मी येणार नाही."

"कारण?"

"मला इथे काम आहे."

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग चहा घेतला, जाताना बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "ही चालते?" मी म्हणाले, "आता चालेल." पुढे त्यांनी दुसरं घर मांडलं, ते बरंच झालं. ते गेल्यावर तुम्ही माझ्यापुढे पाना धरलात आणि म्हणालात, "तो डावीकडचा सांधा राहिलाय."

मुंब्र्याचा चढ गाडीनं एका दमात चढला. वर पोचल्यावर तुम्ही उतरून रेडिएटरला पालथा हात लावून बघितलंत, आणि मुलासारखे हसलात. डोंबिवलीच्या पुढच्या पहिल्या शाळेत सगळं टेबलावर मांडलंत, स्पिरिटचा दिवा पेटवलात, आणि नळी उचलायला गेलात तर बोटं मिटेनात. कातडी आकसलेली. वर्ग बघत होता. तुम्ही नळी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "आता बाई करून दाखवतील." मी इकडेतिकडे बघितलं. कोण बाई? मग लक्षात आलं. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी बाईच राहिले. तुमचा हात भाजला नसता तर मी त्या टेबलाच्या मागे कधी उभी राहिले असते की नाही, मला माहीत नाही. हा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे आणि प्रत्येक वेळी अर्ध्यावर सोडला आहे.

पाच वर्षं आपण फिरलो. शेवटच्या आजारात मिस्त्री भेटायला आले होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "माझं गणित चुकलं म्हणून पोरगी शिकवायला लागली. चांगलंच चुकलं म्हणायचं." मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी दूध उतू जाईल म्हणून आत गेले. दूध चुलीवर नव्हतंच. तुमचं गणित बरोबर होतं की नव्हतं, हे आता कुणालाच कळायचं नाही. पाणी भरलेलं असतं तर कदाचित तो जुना रेडिएटरही चढ चढला असता. पण तुम्ही चूक स्वतःच्या नावावर घेऊन गेलात, आणि ती तुमची नव्हती. ती माझी होती.

हे पत्र टाकायला पेटी नाही. असती तरी मी टाकलं असतं का, कोण जाणे.

आता लिहितेच आहे तर आणखी एक, अगदी बारीकसं. नवं स्टिअरिंग बसल्यावर तुम्ही शेजारी बसून मला रस्ता सांगायचात. "डावीकडे खड्डा." "सांभाळ, दगड आहे." नाना, त्यातले निम्मे खड्डे तिथे नसायचेच. झाडांच्या सावल्या असायच्या. स्टिअरिंग हलकं झालं होतं, मी दर वेळी गाडी वळवून घ्यायचे.