टाचलेली पानं

ती. आईस,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. मी बरी आहे. वेळेवर जेवते, खोलीत सकाळचं ऊनही येतं. काळजी करू नकोस.

घरी मला शिकवताना तू पुस्तकांतली नको ती पानं दोऱ्याने टाचून ठेवायचीस. इथे शाळेच्या ग्रंथालयात मीही तेच करत होते. टाके तुझ्यासारखे सरळ येतात म्हणून खूशही होते.

एका गोष्टीतली आजारी आई शेवटी मरते. मुलं घाबरतील म्हणून ती पानं मी टाचली. पुस्तक नेणाऱ्या मुलीने विचारलं, "ही बरी होते ना?" मी "हो" म्हणाले. तिची स्वतःची आई अंथरुणाला खिळलीय, हे मला कुठे ठाऊक होतं?

काल ती टाके उसवून आली. "बाई, खोटं का बोललात? यातली मुलगी शेवटपर्यंत आईच्या उशाशी बसते. मी मात्र खुशाल खेळायला जात होते." मी तिची माफी मागितली. "जाऊ दे, अजून आई आहे," म्हणाली आणि घराकडे पळालीच.

मग मी कात्री घेतली आणि सगळ्या पुस्तकांचे टाके कापले. मोठ्या बाई रागावतील, कदाचित नोकरीही जाईल. पण आता सुई हातात धरवत नाही.

तुझ्यावर राग नाही गं. तू मायेनेच टाचायचीस. पण हल्ली तुझ्या पत्रांत बाबांच्या खोकल्याचा शब्दही नसतो. डॉक्टर काय म्हणाले, ते जसंच्या तसं लिही. मला वेळेत यायचं आहे.

तुझीच,
धाकटी